बारदानाखालचा पत्रा

मे अर्धा सरला की माझा फोन तापायला लागतो. पलीकडचा माणूस स्वतःचं नाव सांगायच्या आधी "अर्जंट आहे, मिस्त्री" असं सांगतो. शाळा उघडायच्या आत व्हॅन पाहिजे. पासिंगची तारीख आलीय. हळदीला गाडी न्यायचीय, दरवाजाचा पोचा लपला पाहिजे. लपला पाहिजे, हाच शब्द. निघाला पाहिजे असं म्हणणारा माणूस क्वचित भेटतो, आणि भेटला की त्याला बसवून चहा पाजावासा वाटतो.

मंचरच्या बाहेर, हायवेला लागून माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. चेपलेल्या गाड्या सरळ करायच्या, गंजलेला पत्रा बदलायचा, रंगवायचं. इथला मे मला नाकाने आणि कातडीने कळतो. शेतातला कांदा बराखीत, साठवणीच्या चाळीत, भरायची सगळ्यांना घाई असते. ट्रक, पिकअप, ट्रॅक्टर यांची रीघ लागते, आणि त्यांच्यावरून सुटलेले कांद्याचे पापुद्रे हवेत तरंगत राहतात. गुलाबी, कागदाहून हलके. ते नेमके ओल्या रंगावर येऊन बसतात. चिमट्याने उचलला तरी खाली शिरांची बारीक नक्षी उमटलेली असते. मग तेवढा भाग वाळू द्यायचा, पाणी लावून घासायचा, पुन्हा फवारायचा. आम्ही इथले रंगवाले या दिवसांत दारावर ओली बारदानं टांगतो, जमिनीवर पाणी मारतो. तरी एखादा पापुद्रा वाट काढतोच.

थिनरचा वास, ओल्या तागाचा वास आणि कांद्याची ती गोडसर, जराशी सडकी वाफ. हे तीन वास एकत्र झाले की मला माळशेजकडच्या मढचा सीताराम आठवतो. आठवला की आधी राग येतो, मग शरम वाटते. आणि शरम ओसरायच्या आत पुन्हा राग.

रस्त्याच्या पलीकडे एक फलक आहे. पिवळ्यावर लाल अक्षरं. "एका दिवसात गाडी नवी!" एका दिवसात कशी होते ते मला चांगलं माहीत आहे. लांबी नावाचा एक लगदा असतो, पत्र्यावरचे बारीक खड्डे बुजवायला. वाळला की दगड होतो, घासला की गुळगुळीत. मीही वापरतो. हलक्या हाताने, नखभर जाडीची लावली तर ती उपयोगाची वस्तू आहे. पण गंजून भोक पडलेल्या पत्र्यावर जाळीचा तुकडा ठेवायचा, त्यावर लांबी थापायची, घासायची आणि वरून चकचकीत रंग मारायचा, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. फुटलेल्या माठाला आतून कागद चिकटवून तो बाजारात मांडण्यासारखं आहे ते.

तरी माझी चीड त्या समोरच्या माणसावर फार काळ टिकत नाही. त्याच्या दारात रांग असते. रांगेतल्या माणसांवर मात्र ती टिकते. याच मंचरच्या बाजारात ही माणसं कांद्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालतात, तळाचा कांदा वर काढतात, दाबून बघतात, फोडून बघतात, वास घेतात. बटाट्याला नख लावल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. आणि ज्या गाडीत आपली पोरं बसवायची, तिच्याभोवती एक चक्कर मारून, काचेत स्वतःचे केस नीट करून म्हणतात, "झकास दिसतीय."

सीतारामने ती व्हॅन अशीच घेतली होती. जुनी, पण झकास दिसणारी. मढच्या वरच्या वाड्यांतून पोरं गोळा करायची आणि खाली शाळेत सोडायची, हे त्याचं काम. घरी भाताची थोडी खाचरं, उतारावर नाचणी. पण घर चालायचं ते व्हॅनवर. त्याची थोरली बहीण यमुनाक्का मंचरजवळच्या महाळुंगे पडवळला दिलेली, म्हणून तो इतक्या लांब माझ्याकडे आला. बहिणीकडे मुक्काम करायचा, गाडी पासिंगपुरती सजवायची, शाळा उघडायच्या आत मढ गाठायचं, असा त्याचा बेत. हातात पळसाच्या पानांचे द्रोण होते, करवंदांनी भरलेले. ओळख ना पाळख, आणि पहिली गोष्ट त्याने काय केली असेल, तर एक द्रोण माझ्या बाकावर ठेवला.

"मिस्त्री, पायरीपाशी येवढा एक फोड आलाय. तेवढा बसवा. बाकी गाडी टकाटक हाय."

फोड खरंच रुपयाएवढा होता. मी स्क्रूड्रायव्हरची मूठ त्याच्या आजूबाजूला आपटत गेलो. चांगला पत्रा टणटण बोलतो. इथे भद, भद आवाज येत होता. मग टोक लावलं, जरा दाबलं, आणि ते मुठीपर्यंत आत गेलं.

"आवं आवं! भोक पाडलं की तुमी!"

"मी नाही पाडलं, भाऊ. होतंच. मी फक्त वरची लांबी काढली."

त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, ते तसंच राहिलं, नुसतं सुकलं. मी आतलं रबरी मॅटिंग उचललं. त्याच्याखाली बारदान निघालं. तागाचं, दुहेरी, कडेने सुतळीने शिवलेलं, फरशी बसवावी तसं कोपऱ्या-कोपऱ्यात बसवलेलं. मेच्या त्या उन्हातही ते दमट होतं.

"हे कुणी घातलं?"

"मीच की," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अभिमान होता. "उन्हाचा पत्रा पोरांच्या पायाला चटका देतो. आन पावसाचं पोरं बांधावरनं येत्यात, पाय लाल चिखलानं भरल्यालं. घसरत्यात. म्हनून बारदान. अक्काच्या घरनं कांद्याचं आणलं, धुतलं, वाळवलं. आमच्याकडं समदेच घालत्यात."

सगळेच घालतात, हे खरं आहे. मढपासून माळशेजच्या वाटेपर्यंत पोरांची ने-आण करणाऱ्या कितीतरी गाड्यांत मॅटिंगखाली ते बारदान मी नंतर बघितलं. त्या पावसात ताग जे पाणी पितो ते दिवाळीपर्यंत सोडत नाही. ओल पत्र्याला चिकटून बसते आणि वरून खात जाते. गाडीच्या पोटाला खाली बारीक छिद्रं असतात, पाणी निघून जायला. सीतारामच्या गाडीची ती छिद्रं आधी कुणीतरी लांबीने बुजवली होती, कारण बुजवल्यावर कड सरळ दिसते. एकाने मायेने ओल घातली आणि दुसऱ्याने घाईने तिची वाट बंद केली.

मी बारदान ओढलं. त्याच्याबरोबर तळाचा पत्रा आला, बिस्किटासारखा, तुकड्या-तुकड्याने. खालची गॅरेजची जमीन दिसायला लागली. मागच्या बाकाचा बोल्ट मी दोन बोटांत धरला आणि हलवला, तर दुधाचा दात हलावा तसा तो हलला. बाक त्या बोल्टवर उभं होतं. बाकावर पोरं बसत होती.

सीताराम खाली उकिडवा बसला. त्या भोकातून जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माजी सोनी मागंच बसती. खिडकी पायजे आसती तिला."

मी त्याला सगळं सांगितलं. तळ कापावा लागेल, जिथे चांगला पत्रा लागतो तिथपर्यंत. नवा पत्रा योग्य जाडीचा हवा, तो पुण्याहून येईल. त्याला जुन्यासारख्या घड्या पाडायच्या. थोडं थोडं वेल्डिंग करायचं, थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा तापून वाकतो. बाकाच्या बोल्टखाली रुंद पट्टी द्यायची. मग प्रायमर, मग खालून जाड काळा लेप, मग रंग. आणि हेही सांगितलं की समोर जा, उद्या संध्याकाळी गाडी घेऊन मढला जाल.

त्याने रस्त्यापलीकडचा पिवळा फलक वाचला. ओठ हलवत, अक्षर-अक्षर. मग मान फिरवली.

"न्हाई. तुमीच करा. पन शाळंच्या आत हां, मिस्त्री. पालक समितीतली मान्सं लई कडक हायत. गाडी न्हाई आली तर दुसरी लावत्याल."

"बघतो," मी म्हणालो.

या एका शब्दावर आमचा सगळा धंदा उभा आहे. शाळेच्या आत होणं कठीण आहे हे मला त्या क्षणी माहीत होतं. ते तोंडाने सांगायला हवं होतं. पण समोर बसलेल्या माणसाने चांगलं काम निवडलं होतं आणि ते माझ्याकडे निवडलं होतं. त्या आनंदात मी "बघतो" म्हणालो. समोरचा फलकावर खोटं लिहितो म्हणून मी त्याच्या नावाने बोटं मोडतो. माझं खोटं तीन अक्षरांचं होतं, एवढाच काय तो फरक.

त्या दिवसांतला यमुनाक्काचा आवाज अजून कानात आहे. डोक्यावर पदर, काखेत भाकरीचं फडकं, आणि तोंड असं की हायवेवरच्या ट्रकचा भोंगा त्यापुढे लाजावा. भावाला जेवण घेऊन यायची आणि गाडीची अवस्था बघून कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"काय ओ मिस्त्री, पत्रं जोडताय का देव घडवताय?"

"अक्का, पत्रा तापला की वाकतो. जरा जोडायचं, थंड होऊ द्यायचं."

"आमची भाकर बी तापती. ती थंड व्हायची वाट बघत बसले आसते तर घर उपाशी मेलं आसतं!"

सीताराम हसायचा. मग ती वाकून आत बघायची. पहिल्या दिवशी कापलेल्या तळात तिने हात घातला, तो आरपार खाली आला, आणि तिने तो विस्तवाला लागल्यासारखा मागे घेतला. "या बाई! ह्याच्यावर पोरं बसवत व्हतास व्हय रं, सीताराम?" असं म्हणाली आणि भावाच्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर मला घाई करायची तिने बंद केली. टोमणे मात्र चालू ठेवले, नाहीतर तिला करमलं नसतं.

चांगलं काम करायला वेळ का लागतो, हे मला घरात बघायला मिळालं. माझ्या आजोबांनी धम्म स्वीकारला आणि गावकीची कामं सोडली. वडील मंचरला आले आणि पत्र्याच्या पेट्या ठोकायला शिकले. शिकायला बाहेरगावी जाणारी पोरं त्या पेट्या न्यायची. पेटी झाली की वडील ती उन्हाकडे धरायचे, आत डोकं घालायचे आणि झाकण स्वतःवर ओढून घ्यायचे. आत कुठे उजेडाचा ठिपका दिसतो का बघायचे. दिसला तर पेटी परत ऐरणीवर. आई म्हणायची, "एवढ्याशा भोकानं काय पुस्तकं सांडणारेत?" ते पेटीच्या आतूनच काहीतरी उत्तर द्यायचे, ते कुणाला ऐकू यायचं नाही. मला ते दृश्य त्या वेळी हास्यास्पद वाटायचं. बाप धडापर्यंत पेटीत आणि पाय बाहेर. आज मी गाडीखाली उताणा पडून तळाच्या पत्र्यात उजेड शोधतो, तेव्हा माझेही फक्त पाय बाहेर असतात. येणारे-जाणारे हसतच असतील.

तर सीतारामची गाडी. तळ झाला, चांगला झाला. मी त्यावर उड्या मारून बघितल्या. बाकं बसली. त्याने स्वतः बाकावर बसून, मागे रेलून, जोर लावून बघितलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. पासिंगची तारीख तोवर निघून गेली होती, नवी घ्यावी लागली. शाळा उघडायला आली होती. राहिला होता फक्त बाहेरून पायरीच्या बाजूचा रंग. ढग आले होते. दमट हवेत रंग मारला तर तो दुधाळ पडतो, म्हणून मी कोरड्या दुपारची वाट बघितली. एक मिळाली. फवारलं. आणि वाऱ्याची एक झुळूक आली, ओल्या बारदानाच्या फटीतून एक पापुद्रा आत शिरला आणि अगदी पायरीच्या वर, सहज नजर पडेल असा चिकटला.

"राहू द्या त्यो," सीताराम म्हणाला. "पापुद्र्यासकट न्हेतो. मढात कोन बगतंय!"

"नाही. उद्या घासून पुन्हा मारतो."

"मिस्त्री, उद्या शाळा हाय."

"माझ्या हातून अशी गाडी बाहेर जात नाही, भाऊ."

हे वाक्य मी किती रात्री परत-परत ऐकलं आहे. तळाचा पत्रा पोरांसाठी होता. बोल्टखालची पट्टी पोरांसाठी होती. तो पापुद्रा काढणं कुणासाठी होतं? माझ्यासाठी. माझ्या नावासाठी. चांगलं काम आणि स्वतःचा तोरा यांच्यात एक सांधा असतो, आणि तो कुठे आहे हे मला त्या दुपारी दिसलं नाही. त्याला त्याच दुपारी गाडी दिली असती, तर शाळेच्या दारात सकाळी व्हॅन उभी राहिली असती. कुणाला काही विचारायची, कुणाला काही सांगायची गरजच पडली नसती.

त्या रात्री पाऊस आला तो थांबलाच नाही. रंग पुन्हा मारायला कोरडी हवा मिळेना. शाळेतून बोलावणं आलं: गाडी का नाही, ते येऊन समितीपुढे सांगा. सीताराम हिरमुसला होता. "काय सांगू त्यांना? गॅरेजात हाय म्हनलं तर म्हंत्याल, इतके दिवस?"

आणि मी, शहाण्याने, कोपऱ्यात ठेवलेला तळाचा कापलेला तुकडा उचलून त्याच्या हातात दिला. चाळणीसारखा झालेला, कडा कुरतडलेल्या, गंजाने लाल. "हा न्या. त्यांना दाखवा. म्हणावं, हे काढून नवं घातलंय. बघितल्यावर कुणी काही बोलणार नाही. उलट नाव काढतील तुमचं."

माझा खरंच तसा विश्वास होता. त्याने तो तुकडा बारदानात गुंडाळला, त्याच बारदानात, आणि एसटीने मढला गेला. अक्काही माहेरी जायचं म्हणून बरोबर गेली.

दोन दिवसांनी ती एकटीच परत आली आणि थेट गॅरेजात शिरली. त्या दिवशी भाकरीचं फडकं नव्हतं.

"तुमाला काय वाटलं, मिस्त्री, हार घालत्याल त्याला?" ती म्हणाली. "पत्रा बगितला समद्यांनी. हातात घिऊन, उजेडाकडं धरून बगितला. मग एक जन उठला आन म्हनतो, म्हंजे वरीसभर तू आमची पोरं ह्याच्यावर बसवलीस?"

मी हातातला पाना खाली ठेवला.

"मीबी हेच म्हनले व्हते. हितंच, तुमच्याम्होरं. पन मी माया करून म्हनले. त्येनं उभं करून विचारलं, चोराला विचारत्यात तसं. माझा भाव नुसता उभा. त्याला तरी कुठं ठावं व्हतं? आन समिती म्हनली, आमी दुसरी गाडी लावलीय."

दुसरी गाडी शेजारच्या वाडीतल्या गणेशची होती. तरुण पोरगा, नुकतीच जुनी व्हॅन घेतलेला. ती व्हॅन रंगवायला कुठे आली होती, ते अक्काला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. रस्त्यापलीकडे, पिवळ्या फलकाखाली, माझ्या डोळ्यांसमोर ती सकाळी आली आणि दुसऱ्या दिवशी आरशासारखी होऊन गेली होती.

मला राग येतो तो इथे. समितीतल्या माणसांना वाईट म्हणायला जीभ रेटत नाही. आईबाप आहेत. माझं पोर त्या बाकावर बसत असतं तर मीही ओरडलो असतो. पण ओरडून झाल्यावर त्यांनी गणेशच्या गाडीचं मॅटिंग का उचललं नाही? त्या तुकड्याने त्यांना गंज कसा दिसतो, कुठे लपतो, हे शिकवलं होतं. ते शिकणं त्यांनी फक्त सीतारामवर वापरलं. ज्याने पत्रा कापून काढला तो गुन्हेगार, कारण त्याच्या हातात पुरावा होता. ज्याने झाकला तो चोख, कारण त्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. चूक सुधारणाऱ्या माणसाला आपण चूक केली म्हणून धरतो. मग माणसं लांबी भरतील नाही तर काय करतील? तो पिवळा फलक रस्त्यापलीकडे उगाच उभा नाही. आपण सगळ्यांनी मिळून तो उभा केला आहे.

कोरडा दिवस मिळाला, रंग झाला आणि सीतारामने आपली गाडी नेली. मजुरी मी घेणार नाही म्हणालो, तर तो चिडला. "काम तुमी केलंय ना? मग?" एवढंच. तळ नवा, छिद्रं मोकळी, पायरीवर पापुद्र्याचा मागमूस नाही, आणि गाडीत बसायला पोरं नाहीत. मागची बाकं काढून तो नारायणगावच्या बाजाराला टोमॅटोचे क्रेट नेऊ लागला. तो कापलेला तुकडा अक्काने आणला आणि महाळुंग्याला कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला. एकदा मी तिकडे गेलो होतो, तेव्हा मला तो दाखवून म्हणाली, "गळतंय त्यातनं. पन कोंबड्यांची समिती न्हाई, म्हनून भागतंय."

हसलो मी. आणि घरी येऊन जेवलो नाही.

त्याला काही वर्षं झाली. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी कामानिमित्त माळशेजच्या बाजूला जाणं झालं. परतताना मढला चहाला थांबलो. भात पोटरीत होतं, लोंब्या सुटायच्या बेतात, खाचरांतून थंड वारा येत होता. शाळा सुटली होती. गणेशची व्हॅन थोड्या अंतरावर उभी होती आणि पोरं चढत होती. एकेक लाल चिखलाचा पाय पायरीवर, मग आत. माझी नजर आपोआप पायरीच्या खाली गेली. रुपयाएवढा फोड. त्याच्याशेजारी दुसरा, जरा मोठा.

चहाचा कप हातात घेऊन मी उभा राहिलो. जाऊन काय सांगणार होतो? गॅरेजवाला माणूस, परगावचा, रस्त्यात गाडी अडवून म्हणतो तुझा पत्रा सडलाय. धंदा शोधायला आलाय, असंच म्हणाले असते. आणि पोरांच्या आईबापांना सांगावं तर पुन्हा तेच: एक माणूस उभा करायचा आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवायचं. हे मी एकदा केलं होतं. व्हॅन निघून गेली. मागच्या खिडकीतून कुणाचा तरी हात बाहेर हलत होता.

त्या संध्याकाळी मी सीतारामला फोन लावला. त्याने गाडी नेल्यानंतर आम्ही बोललो नव्हतो. फोडाचं सांगितलं. तो ऐकत राहिला. मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता.

"बघतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्याच्या तोंडचा तो शब्द मला फटक्यासारखा लागला. पावसाळा गेला, कांद्याची रोपं लागली, कांदा निघाला, बराखी भरायला लागल्या. मी दर दोन-चार दिवसांनी ठरवायचो की आज पुन्हा फोन करायचा. आणि करायचो नाही.

गेल्या आठवड्यात, सकाळी, एकामागे एक अशा दोन व्हॅन माझ्या दारात थांबल्या. पुढची सीतारामची. मागची गणेशची. सीताराम उतरला. केस आता पांढरे झालेत. हातात पळसाच्या पानाचा द्रोण होता.

"दिवाळीला बाकं पुन्यांदा बसवली मी," तो म्हणाला. जणू काल बोलणं अर्धवट राहिलं होतं. "माज्या गाडीत. मग ह्येला म्हनलं, तुजी गाडी दाखवून आनू. ह्यो ऐकतोय थोडाच! म्हनं, माजा रूट काढून घ्याचाय तुला. तवापासनं मागं लागलोय. परवा बोल्ट हालला तवा ह्येचं डोळं उघाडलं."

गणेश मान खाली घालून चप्पल जमिनीवर घासत होता. "शाळंच्या आत व्हईल का, मिस्त्री? समोर एका दिवसात करून देत्यात."

मी मॅटिंग उचललं. बारदान होतं. तसंच, शिवलेलं, कोपऱ्यात बसवलेलं. पुढचं सांगायला नको.

या वेळी मी "बघतो" म्हणालो नाही. "शाळेच्या आत होणार नाही," म्हणालो. "पत्रा यायला वेळ, जोडायला वेळ. त्यात पाऊस लागला तर आणखी. शाळा सुरू होऊन बरेच दिवस जातील."

गणेशचा चेहरा पडला. त्याने रस्त्यापलीकडे बघितलं. सीतारामने त्याचा खांदा धरून त्याला पुन्हा माझ्याकडे वळवलं.

"तिकडं काय बगतूस? मी काय सांगितलं तुला येताना? तवर पोरं माज्या गाडीतनं जात्याल. रूट तुजा. भाडं तुजं. डिझेलचं तेवढं दे. शाळंत सांग, गाडी सर्विसिंगला हाय, म्हनून सीतारामची आनली."

"आन त्यांनी विचारलं तर?"

"विचारत न्हाईत. झकास दिसती माजी गाडी." त्याने माझ्याकडे बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा हसला. "मिस्त्रीनं पापुद्रा बी ठिवला न्हाई तिच्यावर."

मी करवंदं खाल्ली. राग कुणावर काढावा ते सुचत नव्हतं. ज्याचं काम गेलं, तोच माणूस ज्याला मिळालं त्याचा वेळ आपल्या अंगावर घेत होता. चांगल्या कामाला वेळ लागतो असं मी जन्मभर सांगत आलो, पण तो वेळ कुणीतरी द्यावा लागतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

परवा तळ कापला. तुकडा मोठा निघाला, मागच्यापेक्षा वाईट. सीताराम गणेशला न्यायला आला होता. तुकडा उचलून त्याने उजेडाकडे धरला, भोकांतून रस्त्याकडे बघितलं. मग गणेशच्या हाताला लागणार नाही असा बाजूला ठेवला.

"ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या, मिस्त्री," तो हळूच म्हणाला. "ह्येला देऊ नका. कुनाला दाखवू नका."

मी तुकडा भिंतीला टेकवून ठेवला, गंजकी बाजू आतल्या अंगाला. ते गेले. रात्रभर माझ्या डोळ्यांपुढून तो जाईना. ज्याने नीट करून घेतलं त्याने ते लपवायचं, आणि हे मला सांगणाऱ्याचं काहीही चुकत नव्हतं.

सकाळी शटर उघडलं. तुकड्यावर ना गाडीचा नंबर, ना कुणाचं नाव, ना गावाचं. हायवेच्या बाजूच्या खांबाला, पिवळ्या फलकाच्या बरोबर समोर, मी तो तारेने बांधला. ऊन वर आलं तसे त्याच्या भोकांतून उजेडाचे ठिपके माझ्या जमिनीवर पडले. दारात आणखी एक गाडी येऊन थांबली. खिडकीतून एकाने डोकं बाहेर काढलं, "अर्जंट आहे, मिस्त्री," म्हणाला, आणि मग त्याची नजर खांबाकडे गेली.

"हे काय लावलंय?"

"बाकाखालचा पत्रा," मी म्हणालो. "उतरा. तुमचं मॅटिंग उचलून बघू."

तो अजून उतरलेला नव्हता. मी वाट बघत उभा राहिलो.